पाणी, पानी आणि पंचविसावी नोंद

वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासासाठी एकच प्रश्न ठरवण्यात माझे तीन आठवडे गेले. प्रश्न असा हवा होता, की त्याचे उत्तर देताना समोरच्या माणसाच्या तोंडून ‘पाणी’ हा शब्द आपोआप यावा, पण माझ्या तोंडून तो आधी येऊ नये. मी ‘पाणी’ म्हटले असते तर तोही बहुधा सावरून ‘पाणी’ म्हणाला असता. मी ‘पानी’ म्हटले असते तर पुण्याहून आलेली ही बाई आपली नक्कल करते आहे, असे त्याला वाटले असते. पहिल्या खर्ड्यात मी ‘होळीनंतर घरातले माठ कशाने भरता?’ असे लिहिले होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ‘होळी’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, कारण त्यात ‘ळ’ आहे आणि मला ‘ळ’सुद्धा मोजायचा होता. होळीचा मार्च झाला आणि प्रश्न पक्का झाला.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कॉलेजातील नोकरी सांभाळून, मी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातले होते आणि शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी माझ्याच माहेरच्या बोलीचा विषय घेतला होता. माहेर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यातले एक गाव. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळी आणि कसदार आहे, पण विहिरीला लागणारे पाणी खारट असते, त्यामुळे शेती बहुतेक पावसावर आणि पिण्याच्या पाण्याची चिंता बाराही महिने. तिथे पाण्याविषयी विचारले तर कोणीही दोन वाक्यांत थांबत नाही, आणि माझ्यासारख्या ‘ण’ मोजणाऱ्या विद्यार्थिनीला याहून सोयीचा विषय मिळणार नव्हता. सोय एवढीच पाहून मी तो निवडला, हे आधीच सांगून ठेवते.

वऱ्हाडी न ऐकलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो : पानी, लोनी, कोन. दोन स्वरांमधल्या किंवा शब्दाच्या शेवटच्या ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो : डोया, शाया, सकाय, पोयी. यावरून वऱ्हाडी माणसाला ‘ळ’ म्हणता येत नाही असा समज पसरला आहे, तो साफ चुकीचा आहे. आमचा ‘ळ’ हरवलेला नाही, तो ‘ड’च्या घरी राहायला गेला आहे. गाडीची गाळी होते, झाडाचे झाळ होते, थोडेसेचे थोळंसं होते. लहानपणी शाळेत ‘गाळी नाही, गाडी म्हण’ असे दटावल्यावर मी इमानेइतबारे सगळेच ‘ळ’ दुरुस्त करून टाकले होते आणि एक-दोन महिने फळ्याला ‘फडा’ म्हणत होते. नियम मुलाने अचूक लावला होता. फक्त तो कुठे थांबवायचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला आल्यावर माझी बोली कोणत्या क्रमाने गेली, तेही इथे नोंदवते, कारण पुढे गावात मला तोच क्रम पुन्हा भेटला. ‘मले’ आणि ‘तुले’ आठवड्याभरात गेले. वसतिगृहाच्या जेवणघरात एकदा सगळे टेबल हसले, तेवढे पुरले. ‘ण’ जागेवर बसायला वर्ष लागले. ‘काय करून राहिली?’, म्हणजे ‘काय करते आहेस?’, ही रचना आजही घाईत तोंडातून निसटते, कारण तिचा प्रत्येक शब्द पुस्तकी मराठीतलाच असल्यामुळे कानाला धोका लागत नाही. आणि हेल गेलाच नाही. वाक्याच्या शेवटी आवाज जिथे रेंगाळतो तिथे अमरावतीचा माणूस मला अजूनही एका वाक्यात ओळखतो. माझी खोलीमैत्रीण कोल्हापूरची होती आणि ‘मी येतो, मी जातो’ असे म्हणायची. तिलाही हसायचे, पण ती उलट हसायची. मी हसले नाही, सुधारले. या फरकाचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

प्रश्नाची युक्ती माझी नव्हे. अमेरिकेतील भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी 1962 साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत असेच केले होते. सॅक्स हे महागडे दुकान, मेसीज मध्यम आणि क्लाइन स्वस्त. प्रत्येक दुकानात चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असे ते विक्रेत्याला विचारत, म्हणजे ‘फोर्थ फ्लोअर’ असे उत्तर मिळे आणि त्यातला ‘र’ उच्चारला जातो की गिळला जातो हे टिपता येई. मग ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा विचारत. दुसऱ्यांदा तोच माणूस जरा सांभाळून बोले. असे त्यांनी 264 जणांना बोलते केले. ‘र’ सर्वांत जास्त सॅक्समध्ये आणि सर्वांत कमी क्लाइनमध्ये ऐकू आला, हे अपेक्षितच होते. मला जास्त गुंतवून ठेवले ते मेसीजच्या विक्रेत्यांनी, कारण दुसऱ्यांदा उच्चारताना सावरण्याची धडपड त्यांच्यात सर्वांत ठळक होती. ज्याला वर चढायचे आहे आणि घसरण्याचीही भीती आहे, तो सर्वांत सावध बोलतो.

गावात लबॉवसारखे अनोळखी गिऱ्हाईक होऊन फिरणे मला शक्य नव्हते. मी कोणाची कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. शिवाय आता ध्वनिमुद्रणाआधी लेखी संमती घ्यावी लागते आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली. विभागाने दिलेल्या संमतिपत्रात ‘सदर ध्वनिमुद्रण केवळ शैक्षणिक प्रयोजनार्थ’ अशी भाषा होती. ती मी वाचून दाखवली की समोरचा माणूस खाटेवरून उठून जणू तहसील कचेरीतल्या खुर्चीवर बसे. माझ्या सख्ख्या मावशीने पहिल्या मुद्रणात मला ‘आपण’ म्हटले. आयुष्यात तिने मला ‘पोरी’ शिवाय हाक मारलेली नाही. पहिली चार मुद्रणे मी बाजूला ठेवली, संमतिपत्र साध्या बोलण्यात पुन्हा लिहून मंजूर करून आणले, आणि सही, मग चहा, मग अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा आणि त्यानंतर यंत्र असा क्रम ठरवला.

2023 च्या फेब्रुवारी ते मे या काळात सुट्ट्यांच्या आधाराने चार फेऱ्या करून मी चोवीस जणांची बोलणी मुद्रित केली. वय अठरापासून शहाऐंशीपर्यंत. बारा बाया, बारा पुरुष. जमीनदार, शेतमजूर, शिक्षक, दुकानदार, अंगणवाडी सेविका, अमरावतीला तंत्रनिकेतनात जाणारी मुले असे सगळे त्यात होते. प्रत्येकाकडून तीन गोष्टी घ्यायच्या होत्या : आधी पाण्याविषयी गप्पा, मग एखादी जिवावर बेतलेली गोष्ट, आणि शेवटी छापील शब्दांची यादी वाचणे. जिवावर बेतलेल्या गोष्टीचे कारण असे, की ती सांगताना माणूस प्रसंगात शिरतो आणि कसे बोलतो आहोत याचे भान सुटते. मावशीने कापूस वेचताना पायाशी आलेल्या सापाची गोष्ट सांगितली. ‘पऱ्हाटीत काहीतरी सयसय करे, म्या डोयानं पाह्यलं तं हा एवळा!’ असे म्हणताना तिने दोन्ही हात पसरले आणि कॉलरला लावलेला माइक तुटून खाली पडला. त्या वीस सेकंदांत एकही प्रमाण उच्चार नव्हता. लगेच पुढे यादी वाचायला दिली, तर चष्मा लावून तिने ‘डोळा’, ‘शाळा’, ‘पाणी’ असे स्वच्छ वाचून दाखवले आणि विचारले, ‘बराबर ना?’

ज्याला जमत नाही असे आपण समजतो त्याला जमत असते. ते कुठे काढायचे हे तो ठरवत असतो. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि मावशीच्या चष्म्यामागून पाहणे वेगळे.

जवळजवळ प्रत्येकाने सुरुवातीला मला दुसरीकडे पाठवण्याचा प्रयत्न केला. ‘आमची भाषा अशुद्ध हाय बाई, तू त्या मास्तरकडे जाय.’ मास्तरांकडे गेले, तर त्यांनी आणखी शिकलेल्या कोणाचे तरी नाव सांगितले. फक्त एका माणसाने मला कुठेही पाठवले नाही.

ते म्हणजे गावातील सर्वांत मोठ्या वाड्यातले काकाजी, वय एकोणऐंशी. एके काळी त्यांच्या घरची शेती शेकडो एकर होती असे गाव सांगते. आजही पुष्कळ आहे. मुलगे शहरात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि काकाजी स्वतः तरुणपणी नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन आलेले. त्यांच्याकडून मला प्रमाण मराठीचा नमुना मिळेल असे मी गृहीत धरले होते. प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले, ‘पानी? पानी कुठचं वं बाई! खारं हाय सारं. उन्हायात ढोरंबी तोंड लावत नाही.’ मी ऐकू न आल्यासारखे करून ‘काय म्हणालात?’ असे विचारले. त्यांनी आवाज चढवून अक्षरशः तेच पुन्हा म्हटले, आणि मला ऐकू कमी येते का, याची चौकशी केली. नागपूरच्या कोर्टात ते कसे बोलत हे मी त्यांना विचारले, तेव्हा क्षणभर त्यांनी अशी काही पल्लेदार मराठी काढली की मी चकित झाले, आणि दुसऱ्या क्षणी परत ‘ढोरं’ आणि ‘उन्हाया’. ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याची कोणी परीक्षा घेणार नाही, त्याला ‘ण’ची निकड नसते. त्यांची वऱ्हाडी गावातील सर्वांत निश्चिंत वऱ्हाडी होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला प्राथमिक शाळेतले गुरुजी होते, वय सत्तेचाळीस. वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. स्वतः गुरुजी डी.एड. होऊन नोकरीला लागले आणि आता तालुक्याच्या गावी घर बांधत होते. माझ्या प्रश्नाला त्यांनी ‘पिण्यासाठी आपण नळ योजनेचे पाणी वापरतो’ असे उत्तर दिले. बोलण्यात ‘वापरतो’ म्हणणे ठीक, पण ‘योजनेचं’ न म्हणता ‘योजनेचे’ म्हणणे म्हणजे लिहिलेले वाचल्यासारखे बोलणे. दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘पाणी’तला ‘ण’ इतका घट्ट झाला की जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज यंत्राने टिपला. मग बोलण्याच्या भरात ‘पाण्याचे नियोजण’ असा शब्द आला. नियोजनातला साधा ‘न’ त्यांनी ‘ण’ करून टाकला होता. शहरातील नाटकांत आणि विनोदी कार्यक्रमांत अशा ‘ण’वर हशा घेतात. मला तो ऐकताना माझा ‘फडा’ आठवला. मुद्रण संपवून यंत्र बंद केले आणि त्यांच्या भावाचा फोन आला; गुरुजी म्हणाले, ‘पानी आलं का बे? मी सकायी येतो.’ यंत्र बंद होते, म्हणून हे वाक्य माझ्या मोजणीत नाही.

वयाचे गणित मी सोपे समजून गेले होते. म्हातारे जास्त वऱ्हाडी आणि तरुण कमी, असा एक उतरता जिना मी मनात काढून ठेवला होता. बायांच्या बाबतीत तो थोडाफार जमला. शाळेत जास्त वर्षे गेलेल्या मुलींचा ‘ण’ पक्का होता, आणि ‘पुण्या-मुंबईकडं लग्न झालं तर हसतील’ हे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. पण पोरांनी तो जिना मोडला. काकाजींच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याशी ‘हो मॅडम, नाही मॅडम’ करत निर्दोष बोलला, आणि संध्याकाळी पारावर मोबाइलसमोर मित्रांबरोबर विनोदी रील करताना ‘काहून बे, डोये फुटले का तुहे?’ असे त्याच्या आजोबांनीही कधी म्हटले नसेल इतक्या ठसक्यात म्हणाला. त्याच्या आजोबांची वऱ्हाडी म्हणजे त्यांचे बोलणे होते. याची वऱ्हाडी म्हणजे त्याने अंगात घातलेला सदरा होता, आणि तो त्याला शोभतही होता.

या प्रकाराचा आधार मला पुन्हा लबॉव यांच्याकडेच मिळाला. न्यूयॉर्कच्या आधी, 1961 साली, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर त्यांना आढळले होते, की बेटाचा जुना स्वरोच्चार म्हाताऱ्यांत सर्वांत जास्त नसून तिशी-चाळिशीच्या लोकांत आहे, आणि त्यातही बाहेरून उन्हाळ्यात येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांच्या लोंढ्यात बेट आपले म्हणून धरून राहू इच्छिणाऱ्यांत आहे. आमच्या पारावरच्या पोराला गावात राहायचे होते की नाही, हे मी विचारले. ‘राहाचं कायले? पन रीलले व्ह्यूज इथल्याच भाषेवर येते,’ असे तो म्हणाला. म्हणजे कारण तिथले जसेच्या तसे इथे लागू होत नाही. बेटावरच्या माणसांना पाहुण्यांपासून वेगळे दिसायचे होते, याला पाहुण्यांनीच पाहावे असे वाटत होते.

मेनंतर मी पुण्यात परतले आणि खरे काम सुरू झाले. एक तासाचे मुद्रण लिहून काढायला मला सरासरी आठ-नऊ तास लागत. कानाला शंका आली की प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या संगणक-प्रणालीत तो तुकडा उघडायचा. ‘य’ असेल तर ध्वनिचित्रातल्या, म्हणजे आवाजाच्या आलेखातल्या, गडद पट्ट्यांपैकी दुसरा पट्टा वर चढलेला दिसतो. जीभ मागे वळवून काढलेल्या ‘ळ’मध्ये तिसरा पट्टा खाली झुकतो. पुस्तकात हे दोन प्रकार स्वच्छ वेगळे दिसतात, माणसांच्या तोंडात त्यांच्यामध्ये एक लांबलचक उतार असतो. एका अंगणवाडी सेविकेचा ‘सकाळ’ मी आठ वेळा ऐकला आणि शेवटी ‘अनिश्चित’ या रकान्यात टाकला. लिहायचे कसे, हा आणखी एक घोळ होता. मराठी लेखनाच्या नियमांनुसार ‘असे केले’ लिहायचे आणि बोलण्याचा उच्चार दाखवायचा असेल तेव्हा ‘असं केलं’ लिहिता येते. म्हणजे प्रमाण मानलेले लिखाण हे सदाशिव पेठेतल्या माणसाच्याही तोंडचे नव्हे. मी हा मजकूर ‘केले, गेले’ असा लिहिते आहे आणि तोंडाने तसे कधीही बोलत नाही. ‘अशुद्ध’ म्हणून कोणाला हसावे, याचा निकाल लावताना ही गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही.

सतराव्या क्रमांकाचे मुद्रण मी ऑगस्टमध्ये लिहायला घेतले. बौद्धवस्तीत राहणारे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक सर, वय एकाहत्तर. गावात असताना मला त्या भेटीत विशेष काही जाणवले नव्हते. सरांचे बोलणे इतके स्पष्ट होते की ‘ण’ आणि ‘ळ’च्या मोजणीत एकही अपवाद सापडत नव्हता, म्हणून मी भराभर पुढे जात होते. चौथ्या मिनिटाला त्यांचे एक वाक्य आले, जे तिथे बसलेली असताना मी हसण्यावारी नेले होते. ‘ताई, तुम्ही पुण्याला शिकवता ना? मग माझ्याशी तसंच बोला की. मला समजतं.’

मी मुद्रण मागे नेले आणि पहिल्यांदाच त्यांच्याऐवजी माझे बोलणे ऐकले. ‘राम राम सर, कसं काय हाय? मी आली होती मांगच्या वेळीबी, पन तुमी नव्हते.’ वस्तीत ‘जय भीम’ म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि हा ‘हाय’, हा ‘पन’ मी कुठून आणला? मी तर वीस वर्षे पुण्यात राहते.

मग मी चोवीसही मुद्रणांतले माझे तुकडे वेगळे काढले. संशोधकाचे बोलणे कोणी मोजत नाही, ते कंसात टाकून पुढे जातात. वाड्यात काकाजींशी मी संपूर्ण प्रमाण मराठीत बोलले होते, तेही ‘आपण’ वगैरे लावून. ते ‘पानी’ म्हणत होते आणि मी ‘पाणी’. गुरुजींशी प्रमाण. दुकानदाराशी प्रमाणाकडे झुकणारे. मावशीशी आणि मामीशी वऱ्हाडी, ते घरचेच होते. शेतमजूर बायांशी वऱ्हाडी. सरांशी वऱ्हाडी. सर गुरुजींपेक्षा जास्त शिकलेले, वयाने मोठे आणि बोलण्यात माझ्याहून नेटके होते. माझी वऱ्हाडी गावाच्या कोणत्या गल्लीच्या तोंडापासून सुरू होते, हे मी नकाशावर रेघ मारून दाखवू शकले असते. मी जवळीक दाखवत होते, असे त्या वेळी मला कोणी विचारले असते तर मी मनापासून सांगितले असते. पण जवळीक दाखवायला काकाजी माझ्या वडिलांचे मित्र होते आणि त्यांच्याशी ती मी दाखवली नव्हती. जिभेने माणसांची उतरंड लावून ठेवली होती आणि मला विचारलेही नव्हते.

आकडे इथे देत नाही. चोवीस माणसांवरून काढलेले शेकडा प्रमाण दिसायला भारदस्त दिसते, पण त्याला वजन नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी सरांकडे पुन्हा गेले. ‘जय भीम, सर’ म्हटले आणि माझे रोजचे बोलणे बोलले. मागच्या वेळची माझी भाषा मी ऐकल्याचे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘भाषेचं सोडा. तुमचा प्रश्नच पाण्याचा होता. आमच्या वस्तीत पाण्याचा प्रश्न विचारला की जुनी माणसं थोडी थांबतात, ते तुम्ही मोजलं का?’ मी मोजले नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी काय घडले, हे मी स्वतः वर्गात शिकवते. तरीही ‘माठ कशाने भरता’ हा प्रश्न ठरवताना तीन आठवड्यांत मला त्यातला ‘ण’ तेवढा दिसला होता.

परत यंत्र लावायला त्यांनीच सांगितले. वडील 1956 साली नागपूरला दीक्षेला जाऊन आले, तेव्हा सर चार वर्षांचे होते. दर्यापूरला शाळेत घातल्यावर सरांनी रात्री कंदिलाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा सराव केला. प्रत्येक ‘ण’ला थांबायचे, जीभ वळवायची आणि मगच पुढे जायचे. सभेत बोलायचे तर उच्चारावरून कोणी बोट दाखवता कामा नये, असे वडिलांनी बजावले होते. गुरुजींचा ‘ण’ आणि सरांचा ‘ण’ यंत्रावर सारखेच दिसतात. एकामागे घसरण्याची भीती आहे. दुसऱ्यामागे जे आहे त्याला मी प्रबंधात शब्द शोधत राहिले आणि शेवटी ‘जाणीवपूर्वक संपादित उच्चार’ असे काहीतरी कोरडे लिहून दिले.

मग ते आईविषयी बोलू लागले. गावच्या गोड्या विहिरीपासून काही अंतरावर आई घागर घेऊन उभी राहायची, कोणी वरून ओतले तरच घागर भरायची. ‘ती म्हणायची, बाबू, पानी वाढा हो माय, म्हणून हाक मारावी लागते. कोणी पानी दिलं, तर ते पानी आणायचं, आणि नाही दिलं तर खारं.’ आणि लगेच, ‘आता नळाचं पाणी येतं, दिवसाआड का होईना.’ एका मिनिटात तीनदा ‘पानी’ आणि एकदा ‘पाणी’. दोन्ही भेटी मिळून, अडीच तासांच्या मुद्रणात त्यांच्या तोंडी आलेला ‘न’चा हा एवढाच तुकडा आहे. मोजणीचा नियम असा, की दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करताना झालेले उच्चार वगळायचे. मार्गदर्शक बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, नियम नियमच आहे, पण तळटीप देता येईल. दुसरा आणि तिसरा ‘पानी’ उद्धृतात मोडतो की सरांच्या स्वतःच्या वाक्यात, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तळटीप दिली.

परिशिष्टात चोवीस वक्त्यांचा तक्ता होता : क्रमांक, वय, शिक्षण, व्यवसाय, आर्थिक स्तर, घरातली बोली. छपाईला देण्याच्या आदल्या रात्री मी त्याखाली पंचविसावी ओळ घातली. वय अडतीस, शिक्षण, व्यवसाय हे सहज भरले. आर्थिक स्तराला ‘मध्यम’ लिहिले. गावातल्या लोकांसाठी तो रकाना मी ज्या झटपटपणे भरला होता, तसा माझा भरता आला नाही. घरातली बोली या रकान्यात ‘प्रमाण मराठी’ लिहून खोडले, ‘वऱ्हाडी’ लिहून खोडले. स्वयंपाकघरातून मुलीने विचारले, ‘आई, माझी बाटली भरलीस का?’ मी म्हटले, ‘थांब ना, भरून राहिली.’ ती बाहेर येऊन म्हणाली, ‘भरून कुठे राहिलीये? रिकामी आहे.’